यंत्राचा दोष नाही, मग कोणाचा?



जळगाव-धुळ्याकडे गटाच्या बैठकांना जाताना, एस.टी.त, आठवड्याच्या बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही सोनोग्राफीचा विषय निघाला की चार-पाच मते हमखास ऐकू येतात. 'मशीनचा काय दोष? दोष वापरणाऱ्याचा.' 'आमचे पैसे, आमचे पोट, सरकारने मध्ये का पडायचे?' 'एक तरी आंडोर जोयजे, मग आपलं काही म्हणणं नाही.' 'हुंड्यापायी पुढे जाळून घेण्यापेक्षा आधीच सुटलेली बरी.' आणि शेवटी कोणीतरी शहाणपणाने म्हणते, 'मुली कमी झाल्या म्हणजे त्यांना आपोआप किंमत येईल.' ही मते दुष्ट माणसांची नाहीत. आपल्या शेजारणींची, जावांची, नणंदांची, कधी कधी आपल्या गटातल्या बायकांचीही आहेत. मोर्च्यात घोषणा देऊन आपण त्यांना उत्तर दिले असे समजतो, पण घोषणेने मत बदलत नाही. म्हणून या अंकात मला या मतांशीच बोलायचे आहे.

आधी आकडे पाहू. निसर्गतः जन्माच्या वेळी दर हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली असतात. शून्य ते सहा वयोगटात जळगाव जिल्ह्यात हे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ८८० होते, ते २०११ मध्ये ८४२ वर आले. धुळ्यात ९०७ चे ८९८ झाले. आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या, आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये २०११ मध्ये ते ९४४ होते. म्हणजे आपण ज्याला मागास म्हणतो त्या जिल्ह्यात मुली जवळपास पुऱ्या आहेत. आणि जिथे केळीच्या बागा आहेत, जिथे देशभर नावाजलेला सोन्याचा बाजार आहे, शाळा-कॉलेजे आहेत, तिथे हजारामागे शंभराहून अधिक मुली कमी आहेत. गरिबी आणि अडाणीपणा हे कारण सांगून मोकळे होण्याची सोय या आकड्यांनी ठेवलेली नाही. २०११ नंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे पुढच्या दशकात काय झाले हे गावोगावच्या जन्मनोंदींतूनच पाहावे लागते.

आता पहिले मत, मशीनचा काय दोष. सोनोग्राफीत किरण नसतात. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र तयार होते. गर्भ नळीतच अडकला आहे का, जुळे आहे का, वार खाली आली आहे का, बाळ आडवे आहे का, हे त्यातून कळते. अशा वेळी वेळेवर झालेल्या तपासणीमुळे बाईचा जीव वाचतो. म्हणून आपण यंत्राच्या विरोधात नाही, हे प्रत्येक शिबिरात स्पष्टपणे सांगायला हवे. पण यंत्र बाजारातून येते आणि बाजार जिथे पैसा आहे तिथेच बसतो. जळगाव आणि धुळे शहरांत दवाखान्यांच्या रस्त्यावरून चाला, सोनोग्राफीच्या पाट्या मोजता मोजता थकाल. चोपडा-यावलच्या सातपुड्यातल्या पाड्यावरच्या, शिरपूर-साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यातल्या बाईला मात्र रक्तस्राव सुरू झाला तरी त्याच यंत्रासाठी जीप शोधत तालुक्याला यावे लागते. तिथे तज्ज्ञ डॉक्टर हजर असेल तर तिचे नशीब. जिला यंत्राची खरी गरज आहे तिच्यापर्यंत ते पोचत नाही आणि जिथे पोचले आहे तिथे ते नको त्या कामाला लागते. लाखो रुपयांचे कर्ज काढून आणलेल्या यंत्राचे हप्ते फेडायचे असतात, पेशंट पाठवणाऱ्याला 'कट' द्यायचा असतो. अशा व्यवहारात यंत्र निर्दोष राहिले तरी त्याच्याभोवतीची माणसे राहत नाहीत.

हा व्यवहार आजचा नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या मोठ्या सरकारी संस्थेत गर्भजल परीक्षेचे प्रयोग झाले ते गर्भातले दोष शोधण्यासाठी. मुलगी कळली की गर्भपाताची मागणी होऊ लागली आणि बघता बघता ती परीक्षा खाजगी दवाखान्यांत पोचली. 'आता पाचशे खर्च करा, पुढचे पन्नास हजार वाचवा' अशा अर्थाच्या जाहिराती १९८० च्या दशकात उघड लागत होत्या. १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतले ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी ही परीक्षा करतात असे दिसले. १९८५ मध्ये मुंबईत स्त्रीसंघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि वैज्ञानिक एकत्र येऊन मंच उभा राहिला. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्राचा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला, पण कागदावरच राहिला. २००० मध्ये 'सेहत', 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा कुठे राज्य सरकारे यंत्रांची नोंदणी करू लागली. २००३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. या सगळ्या काळात तंत्र मात्र थांबले नव्हते. गर्भजल परीक्षेला सोळा आठवडे थांबावे लागे, सोनोग्राफीत त्याआधी दिसू लागले, आणि आता आईच्या रक्ताच्या तपासणीतून दहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या गुणसूत्रांचा पत्ता लागतो. कायदा मागून धावतो आणि यंत्र पुढे जाते. म्हणून केवळ यंत्रावर पाळत ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. ते यंत्र हवेसे वाटणारे घर बदलावे लागेल.

दुसरे मत, 'आमचे पैसे, आमचे पोट.' हे मत आपल्यासाठी अवघड आहे, कारण 'आमचे शरीर, आमचा अधिकार' ही घोषणा आपलीच आहे. मग आपण कोणत्या तोंडाने बंदी मागतो? याचे उत्तर नीट द्यायला हवे. मूल हवे की नको, आत्ता हवे की नंतर, हे बाईने ठरवायचे. त्या हक्कासाठी आपण लढतो. पण मूल हवे आहे, फक्त मुलगी नको, हा निर्णय बाईच्या शरीराबद्दलचा नाही. जन्माला येणाऱ्या सगळ्या मुलींच्या किमतीबद्दलचा तो निर्णय आहे, आणि तो बहुतेक वेळा तिचा एकटीचा नसतो. दोन मुलींनंतर तिसऱ्या खेपेला सासू, नवरा, दीर मिळून गाडी ठरवतात. तिला विचारतात ते निघायच्या आदल्या रात्री. ती 'हो' म्हणते, कारण 'नाही' म्हणाली तर दुसरी बायको येईल किंवा माहेरी पाठवतील, हे तिला ठाऊक असते. ज्या 'हो'च्या मागे एवढे भय आहे त्याला निवड म्हणायचे का? कायद्यानेही हे थोडेफार ओळखले आहे. बाईवर नातलगांनी सक्ती केली असे गृहीत धरून शिक्षेचा रोख डॉक्टर, नवरा आणि नातलगांवर ठेवला आहे.

पण याच ठिकाणी मला आपल्या चळवळीशीही दोन शब्द बोलायचे आहेत. गेल्या काही वर्षांत 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द सरकारी फलकांपासून गणपतीच्या देखाव्यांपर्यंत सगळीकडे गेला, आणि आपणही तो वापरला. पोटातली मुलगी आईला पत्र लिहिते, 'आई, मला मारू नको' म्हणते, अशी चित्रे शाळांच्या भिंतींवर आली. विचार करा, त्या चित्रात खुनी कोण आहे? आई. डॉक्टर नाही, बाप नाही, आजी नाही. आणि गर्भपात म्हणजे खून, हे मूल्य आपल्याच तोंडून रुजते. त्याचा परिणाम आपण पाहिला. २०१२ मध्ये परळीचे प्रकरण उघड झाल्यावर राज्यभर जो धाक बसला, त्यात गर्भपाताच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. ज्या बाईला दिवस गेल्याचे सहाव्या-सातव्या आठवड्यात कळले, जिला मुलगा-मुलगी काहीच ठाऊक असणे शक्य नाही, तिलाही दवाखान्यातून परत पाठवले जाऊ लागले. अशी बाई घरी स्वस्थ बसत नाही. ती मिळेल त्या माणसाकडे जाते. परळीत २०१२ साली आणि सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला २०१७ साली जी प्रकरणे उघड झाली, ती बाईचा जीव गेला म्हणून झाली, हे विसरता कामा नये. तेव्हा आपण 'गर्भलिंगनिवड' म्हणू या. आपला विरोध निवडीला आहे, गर्भपाताला नाही, हे प्रत्येक पत्रकात लिहू या.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये तो सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, काही गटांतल्या स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, गर्भपात करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही हाच हक्क दिला. आपल्या भागात मात्र आजही 'नवऱ्याला घेऊन या' हे पहिले वाक्य असते. ही माहिती प्रत्येक गटाकडे असायला हवी.

यंत्रावर यंत्राने पहारा ठेवण्याचेही प्रयोग झाले. सोनोग्राफी यंत्राला नोंद ठेवणारी पेटी जोडण्याचा प्रयोग कोल्हापुरात सुरू झाला आणि गाजला. पण त्याच्या पुढची पायरी फार लवकर येते. २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय महिला व बालविकास मंत्र्यांनी सुचवले की लिंगनिदान सक्तीचेच करावे, मुलगी असेल तर नोंद ठेवावी आणि प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करावा. म्हणजे गुन्हा डॉक्टरचा आणि नजरकैद बाईला. गर्भवती बाईच्या पोटावर गावाने, ग्रामपंचायतीने, सरकारने डोळा ठेवायचा, ही कल्पना ऐकायला मुलींच्या भल्याची वाटते. पण ज्या बाईचा गर्भ आपोआप पडला तिला घरच्या दुःखात पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतील. पाळत ठेवायची तर ती यंत्रावर, डॉक्टरच्या नोंदवहीवर आणि पैशावर ठेवावी, बाईवर नाही.

आता 'एक तरी आंडोर जोयजे.' असे म्हणणाऱ्या बाईला हसण्याआधी तिला विचारा, म्हातारपणी तू कुणाच्या दारात राहणार? तिच्या नावावर घर नाही, शेत नाही. जावयाच्या घरी राहणे लाजिरवाणे असे तिला लहानपणापासून शिकवले आहे. मुलगा हा तिचा विमा आहे. म्हणून हा प्रश्न भावनेचा कमी आणि सातबाऱ्याचा जास्त आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ साली हयात होते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तरीही आपल्याकडे बाप वारला की तलाठ्याकडे जाण्याआधी बहिणींना एकत्र बसवतात आणि हक्कसोड पत्रावर सह्या घेतात. सही केली नाही तर माहेर तुटते. आखाजीला झोका बांधतात, गौराई मांडतात, लेक माहेरी आली म्हणून घर भरून जाते, आणि त्याच घराच्या उताऱ्यावर तिचे नाव मात्र चालत नाही. माहेर हवे असेल तर हक्क सोड, हा सौदा मोडल्याशिवाय 'मुलगी परक्याचे धन' ही म्हण मोडणार नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आई-बापांना सांभाळण्याची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवरही टाकली आहे. जबाबदारी बरोबरीची असेल तर वाटाही बरोबरीचाच हवा, हे आपल्या भावांना सांगण्याचे धैर्य आपल्यातल्या किती जणींनी केले आहे?

हुंड्याचे मतही असेच. हुंड्याला बंदी १९६१ पासून आहे. बंदी असलेल्या गोष्टीच्या भीतीने मुलीच जन्माला घालायच्या नाहीत, म्हणजे चोराला हात न लावता घरच मोडून टाकायचे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात उलटी रीत आहे, तिथे मुलाकडचे देज देतात. तिथे मुलगी ओझे नसते, हे खरे. पण म्हणून ती मोकळी असते असेही नाही. देज दिले आहे म्हणून नवऱ्याला सोडता येत नाही, मारहाण झाली तरी पैसे परत करण्याची ऐपत नसल्याने भाऊ तिला परत पाठवतात. तेव्हा हुंडा जाऊन देज आले की प्रश्न सुटला असे नाही. बाईवरून व्यवहारच होऊ नये, ही आपली मागणी आहे.

'मुली कमी झाल्या की किंमत येईल' याचे उत्तर खानदेशातल्या वर्तमानपत्रांतच रोज मिळते. तिशी ओलांडलेल्या शेतकरी मुलांची लग्ने जमत नाहीत. मग दलाल येतात, दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून, गरीब किंवा आदिवासी घरातून मुलगी आणतात, लाख-दोन लाख हातोहात जातात. कधी नवरी चार दिवसांत दागिने घेऊन पळाली म्हणून गुन्हा दाखल होतो. तिला कोणी आणले, तिच्या वाट्याला त्या पैशातले किती आले, ती आधी किती घरांत 'नवरी' म्हणून उतरली, याची बातमी होत नाही. वस्तू दुर्मिळ झाली की महाग होते, पण महाग वस्तू कुलपात ठेवतात. वाढत्या टंचाईबरोबर मुलींची शाळा लवकर सुटते, 'जमाना वाईट आहे' म्हणून लग्न लवकर उरकले जाते. किंमत मिळणे आणि मान मिळणे यांत हा फरक आहे.

आणखी एक प्रश्न अपंग मैत्रिणींनी चळवळीला विचारला आहे, तो टाळून चालणार नाही. मुलगी नको म्हणून गर्भ निवडणे वाईट, मग अपंग मूल नको म्हणून निवडणे चांगले कसे? कायदा गर्भातले काही आजार तपासायला परवानगी देतो. आपल्या सातपुड्यात सिकलसेल आहे, त्याची गर्भावस्थेतली तपासणीही त्यात बसते. ज्या आईने सिकलसेलच्या मुलाला वेदनेने तळमळताना पाहिले तिने दुसऱ्या खेपेला तपासणी मागितली तर तिला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण 'असले जीव जगून काय करणार' ही भाषा आपणही वापरायची नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही, असे कारण दिले होते. सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या शरीराचा निर्णय घ्यायचा आणि त्याला वैद्यकशास्त्राचे नाव द्यायचे, हे तेव्हाही झाले. दोन मुलींनंतरच्या सोनोग्राफीतही तेच होते. मशीनपुढे आडव्या झालेल्या बाईचे ऐकून घेण्याची सवय डॉक्टरला, घराला आणि आपल्याला लागली, तर तंत्रज्ञान माणसाच्या कामी येईल.

मग करायचे काय? 'बेटी बचाओ बेटी पढाओ' योजना २०१५ मध्ये सुरू झाली, राज्यातल्या पहिल्या दहा जिल्ह्यांत जळगाव होता. २०१६ ते २०१९ या काळातल्या निधीपैकी सुमारे ७९ टक्के जाहिरातबाजीवर गेला, असे संसदीय समितीनेच दाखवून दिले. तेव्हा फलकांची वाट पाहू नका. कायद्याने जिल्हा व तालुका पातळीवर सल्लागार समिती असते. तीत तीन सामाजिक कार्यकर्ते आणि त्यांत किमान एक स्त्रीसंघटनेची प्रतिनिधी असलीच पाहिजे. दोन बैठकांमध्ये साठ दिवसांपेक्षा जास्त अंतर असता कामा नये. तुमच्या तालुक्यात ती जागा कोणाकडे आहे? ती बाई खरोखर काम करणारी आहे की कोणाची तरी पत्नी म्हणून बसवली आहे? गेल्या वर्षात बैठका किती झाल्या? माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे इतिवृत्ते मागा. प्रत्येक सोनोग्राफीचा 'फॉर्म एफ' भरला जातो का, ते समितीच्या तपासणीतून पाहायला लावा. तक्रार देऊन पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर कोणीही नागरिक थेट न्यायालयात जाऊ शकतो. एक पथ्य मात्र पाळा. डॉक्टरला पकडण्यासाठी गर्भवती बाईला 'डमी' म्हणून पाठवण्याची कल्पना निघते. तिची पूर्ण तयारी नसेल, वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखांना आपण तिच्या सोबत राहणार नसू, तर तिला पुढे करू नका.

आणि घरोघरचे एक काम. आपल्या गटातल्या प्रत्येकीने वडिलांच्या आणि नवऱ्याच्या शेताचा सातबारा, घराचा उतारा काढून आणावा. त्यावर कोणाची नावे आहेत ते मोठ्याने वाचावे. किती जणींनी हक्कसोड पत्रावर सही केली, कोणी नकार दिला, नकार देणारीचे माहेर तुटले की टिकले, हे पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत, जसे बोलता तसे लिहा, नावे गाळा. एकीने लिहिलेले वाचून दुसरीला तलाठ्यासमोर उभे राहण्याचे बळ येते, हे आपण इतक्या वर्षांत पाहिले आहे.